पल्याडची ताटली

मानसी तेजश्रीशी बोलायची नाही असं मुळीच नव्हतं. बोलायची, भरपूर बोलायची. फक्त हाक मारायची नाही. तहान लागली की फ्रिजकडे बघून म्हणायची, "बाटल्या रिकाम्या झाल्यात." वेणी घालून हवी असली की कंगवा घेऊन पाठमोरी येऊन बसायची. शाळेची बस खाली वाजली की दारातून नुसतं "जाते." कुणाला, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

तेजश्री लग्न करून पुण्याहून हैदराबादला, बरकतपुऱ्याच्या ह्या घरात आली तेव्हा बाजारात आंबे होते. आता सीताफळं आली होती. आंब्याचा मोसम सरला, जांभळाचा सरला, पण त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून तिच्यासाठी एक शब्द निघाला नव्हता. आई नाही, काकू नाही, साधं "अहो" सुद्धा नाही.

"जुन्या काळच्या बायका नवऱ्याशी बोलायच्या ना, तशी बोलते ती माझ्याशी," तेजश्री एकदा नवऱ्याला, रितेशला म्हणाली. "इकडं जेवण व्हायचंय, तिकडून येणं कधी होणार. फक्त डोक्यावर पदर तेवढा नाही."

रितेश हसला. "होईल गं हळूहळू," म्हणाला.

धाकट्या ओंकारचं काही अडलं नव्हतं. त्याची आई, गौरी, आजारानं गेली तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. आता सहाचा होता. भिंतीवरच्या फोटोतली एक आई आणि स्वयंपाकघरातली एक आई, अशा दोन आया त्याच्या पोटात सहज मावत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यानं "आई, शू!" म्हणून हाक मारली होती आणि प्रश्न मिटवला होता. त्यानं मिटवला म्हणून मानसीचा जास्तच उघडा पडला.

चूक म्हणायची तर आजीची होती, पण ती प्रेमानं झाली होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी इंदुताईंनी नातीला कुशीत घेऊन सांगितलं, "आता हीच तुमची आई. आई म्हणायचं, समजलं?" मानसीनं मान हलवली, आणि त्या घटकेपासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

आणि तेजश्रीची चूक म्हणायची तर ती लाडाची होती. सफरचंद कापायची तर चांदण्या कापायची. रोज नवी रिबीन. अभ्यासाला बसलेल्या पोरीच्या दारात दर थोड्या वेळानं जाऊन, "काही हवंय का गं? दूध? बिस्किट?" मानसी पुस्तकाला सांगायची, "नक्को." हैदराबादचा हा दुहेरी क असलेला नक्को तेजश्रीला पहिल्यांदा फार गोड वाटला होता. आता तो तिला दाराच्या कडीसारखा वाजायचा.

तरी एक आठवण होती, आणि ती तेजश्री जपून ठेवायची. घरात पहिलं पाऊल टाकलं त्या दिवसाची. दारात तांदळाचं माप, मापाला पायाचा धक्का, आणि धक्क्याआधी नवऱ्याचं नाव. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि उखाणा इंदुताईंनी बांधलेला. काचीगुड्यापासून अंबरपेठेपर्यंत मराठी घरात लग्न ठरलं की नवरीची आई पेढे घेऊन इंदुताईंकडे यायची आणि जाताना दोन ओळी घेऊन जायची. डाळ निवडता निवडता इंदुताई त्या जुळवायच्या. मांडीला मांडी लावून बसलेली मानसी ऐकायची. ह्या पोरीला पाढ्यांच्या आधी यमक आलं होतं.

तर तेजश्री दारात उभी राहून म्हणाली होती, "चारमिनारच्या बाजारात दुकान मांडलं मोत्यांचं, रितेशरावांचं नाव घेते, घर लाभलं..." आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पाहुणे थांबले. तेवढ्यात दाराआडून एक बारीक, चिडका आवाज आला होता, "नात्यांचं!"

मदत म्हणून नव्हे. तुटलेलं यमक त्या पोरीला सहन झालं नव्हतं, एवढंच. पण तेजश्री ते एक "नात्यांचं" उशाशी घेऊन झोपायची.

*

सहामाही परीक्षा संपल्यावर मानसीनं चपलांच्या मांडणीला सांगितलं, "आमचा अख्खा वर्ग गणिताच्या म्युझियमला जाऊन आला. मला ताप होता. तिथं चौकोनी चाकांची सायकल आहे म्हणे."

तेजश्री तिथंच बाजूला केर काढत होती. "शनिवारी जाऊ या?" तिनं केरसुणीकडे बघत विचारलं.

मांडणीकडून उत्तर आलं, "हौ."

शनिवारी रितेशला कामावर जावं लागलं. इंदुताईंनी गुडघ्यांवर हात ठेवले. "मी नक्को बाई तिकडं. मला बेरीज येते तेवढी पुरे. तुम्ही जा की तिघं." आणि तेजश्रीच्या कानाशी, हळूच, "आज तरी म्हणेल बघ."

तेजश्रीनं ते ऐकलं आणि चिक्कीच्या जोडीला एक लाडूही पर्समध्ये टाकला. परीक्षा मुलांची संपली होती, आपली आज आहे, असं तिला वाटलं.

नारायणगुड्यापर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो, मध्ये एकदा गाडी बदलायची. पुलावरून जाणाऱ्या गाडीतून गच्च्यांवरची वाळत घातलेली चादरी-लुगडी दिसत होती, पाण्याच्या काळ्या टाक्या दिसत होत्या. ओंकार काचेला नाक लावून कंटाळला तेव्हा ताईच्या मागे लागला, "ताई, नाव घे ना. भेंडीचं घे."

हा त्यांचा खेळ होता. मानसी कशाचंही नाव घ्यायची, पंख्याचं, इडलीचं, शेजारच्या मांजराचं. तिनं डोळे बारीक केले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली,

"कुणाला आवडतो पालक, कुणाला आवडतो दोडका,
भेंडीचं नाव घेते, भाऊ माझा बोडका!"

ओंकारचे केस परवाच बारीक कापले होते. "आई! ही मला बोडका म्हणते!"

"म्हणू दे. यमक जुळलंय," तेजश्री म्हणाली.

मानसीनं चमकून बघितलं. क्षणभरच. मग पुन्हा खिडकीशी बोलू लागली.

*

म्युझियम म्हटल्यावर तेजश्रीच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं आणि "हात लावू नये" ची पाटी होती. इथं सगळंच हात लावायचं होतं. आत पाऊल टाकलं तर जत्रेसारखा गलका. कुठं साबणाच्या पाण्यात तारेचा चौकोनी पिंजरा बुडवून काढत होते आणि आत फुग्याचा छोटासा ठोकळा तरंगत होता. कुठं आरशांच्या खोपीत एका पोराची शंभर पोरं झाली होती. चौकोनी चाकांची सायकल खरंच होती. तिच्यासाठी खास लाटांचा रस्ता केला होता, चाकाचा कोपरा दोन लाटांच्या खाचेत बसायचा, आणि वर बसलेल्या ओंकारला धक्का म्हणून लागत नव्हता.

"रस्ता चाकासारखा केला की चाक कसलं पण चालतं," मानसी स्वतःशी म्हणाली. तेजश्रीनं ते ऐकलं. आज कमी बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. तरी तिच्या पर्समध्ये चिक्की होती, लाडू होता, आणि हात सारखा पर्सच्या चेनकडे जात होता.

पुढं गोट्यांची शर्यत होती. एकाच उंचीवरून दोन घसरगुंड्या खाली एकाच जागी येत होत्या. एक सरळ, आखलेल्या रेघेसारखी, आणि एक पोटात खोल झोळ घेऊन पुन्हा वर येणारी. निळा टी-शर्ट घातलेली एक तरुण मुलगी तिथं मुलांना सगळं दाखवत होती. घरी तेलुगू बोलणारी असावी, पण मुलांशी तिची दख्खनी जोरात चालली होती. "बोलो बोलो, कौन सी गोली पहले पहुँचती?"

"सरळवाली," तेजश्री म्हणाली. "तीच वाट छोटी ना."

"वाकडी," मानसी गोट्यांकडे बघत म्हणाली, बहुतेक मुद्दामच.

ओंकारनं दोन्ही गोट्या सोडल्या. झोळातली गोटी धाडकन खाली गेली आणि सरळ वाटेवरची अजून निम्म्यावर असताना टण्णकन घंटेवर आपटली. पुन्हा सोडल्या, पुन्हा तेच.

"रस्ता लंबा है, फिर भी?" मानसीनं त्या मुलीला विचारलं.

"पहले गिर जाती ना, तो जोर आता. फिर भागती देखो कैसी!" निळ्या टी-शर्टातली हसली. "चलो अम्मलू, अब कमान बनाते." अम्मलू, म्हणजे तेलुगूत लाडाची पोर.

कमानीचे ठोकळे स्पंजचे होते, पण चांगले उशीएवढे. ते एका आडव्या फळीवर आखलेल्या कमानीच्या रेघेनं मांडायचे, मग दोघांनी दोन बाजूंनी फळी उचलून उभी करायची आणि हळूच मागे घ्यायची. ठोकळे एकमेकांच्या भारावर उभे राहतात, ना चुना ना खिळा. मानसीनं ठोकळे मांडले, एकेक सारखा केला. जिभेचं टोक बाहेर आलेलं. तेजश्रीला त्या टोकाकडे बघत राहावंसं वाटलं.

"अच्छा, अब मम्मी कू उधर खडा करो, तुम इधर से उठाओ."

तेजश्रीनं तिकडची बाजू धरली. मानसीनं इकडची. फळी उचलली जात होती, कमान उभी होत होती, आणि मानसी खाली मान घालून म्हणाली, "ये मम्मी नहीं हैं."

"अच्छा? सॉरी, सॉरी. तो फिर कौन हैं? आंटी?"

त्या मुलीनं काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. उत्तर आलं की पुढं जायचं, इतकं साधं विचारलं होतं. मानसीनं तोंड उघडलं. तेजश्रीनं बघितलं, त्या उघड्या तोंडात खरोखरच काही नव्हतं. पोर शब्द लपवत नव्हती. तिच्याकडे शब्द नव्हता. इतके महिने तेजश्रीला वाटत होतं की दार बंद आहे; दार कसलं, तिथं भिंतच होती आणि पोर तिच्यात दार शोधत होती.

मानसीच्या हातातली फळी सुटली. कमान धबाधब तिच्या पायांशी कोसळली.

"काही नाही, काही नाही!" तेजश्री धावली. "लागलं का? चल, आपण आइस्क्रीम घेऊ या? खाली आहे. का चिक्की देऊ?"

"नक्को!" मानसी ओरडली आणि लांब खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली. तेजश्री पर्सची चेन धरून तशीच उभी राहिली. मग तिनं चेन लावून टाकली, आणि खाली बसून ठोकळे गोळा करू लागली.

*

ताटल्यांचा शोध ओंकारनं लावला. दालनाच्या ह्या टोकाला एक आणि त्या टोकाला एक, अशा दोन प्रचंड पांढऱ्या ताटल्या समोरासमोर उभ्या होत्या, परातीसारख्या खोलगट, माणसाहून उंच. प्रत्येकीच्या पुढ्यात बांगडीएवढं लोखंडी कडं. ताटलीकडे तोंड करून कड्यात हळू बोललं की मधली सगळी गडबड ओलांडून ते पलीकडच्या कड्यात ऐकू जायचं.

"ताई, तिकडं जा! भुताचा आवाज येतो!" ओंकारनं बहिणीला बाकावरून ओढत नेलं. आधी ती कुरकुरली, मग गेली. मग भुतं झाली, वाघ झाले, "बोडक्या" झालं, "तूच बोडकी" झालं. तेजश्री ओंकारच्या मागे उभी राहून बघत होती. दोघं भावंडं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. ताटलीत बोलायचं तर ताटलीकडेच बघावं लागतं, माणसाकडे पाठ करूनच. पाठमोरं बोलायचं. ही विद्या तर मानसीला येतच होती.

ओंकारला पुन्हा सायकल दिसली. "आई, तू बोल, मी आलो!" आणि पळाला. निळ्या टी-शर्टातल्या मुलीनं त्याचा हात धरलेला तेजश्रीनं बघितला, मग ती कड्याशी वाकली.

"ओंक्या, ऐकू येतंय का?" ताटली म्हणाली. अगदी कानाशी. जणू ती पोर मांडीवर बसून बोलत होती.

"ओंकार सायकलवर गेला," तेजश्री म्हणाली. "मी आहे."

मधून कुणाची तरी पोरं धावत गेली. तेजश्रीला मागे वळून बघायचं होतं, पण वळलं तर कान कड्यातून जाणार. ती तशीच वाकून राहिली. मानसी गेली असेल. बाकावर जाऊन बसली असेल.

"गोवळकोंड्याला खाली दरवाजात टाळी वाजवली की वर किल्ल्यावर ऐकू जाते म्हणतात," ताटली म्हणाली. "ते खरं असतं?"

तेजश्रीच्या ओठांवर "हो तर, खरंच" आलं होतं. लाडाचं उत्तर, चांदणीसारखं कापलेलं. तिनं ते गिळलं. "मला माहीत नाही. मी अजून गेले नाही तिकडं."

"मी गेलेय. आई वर गेली होती. मी आणि बाबा खाली. मी टाळी वाजवली. आई म्हणाली, ऐकू आली. पण आई तसं पण म्हणायची. मी काही पण केलं तरी छान म्हणायची."

"कशी वाजवलीस?"

"लहान होते ना. छोटीच वाजली."

तेजश्रीनं थोडा विचार केला. "तिथली कमान वेगळी, इथली ताटली वेगळी. तिथलं मी नाही सांगू शकत. पण इथं बघू या. तू छोटीच टाळी वाजव. ऐकू आली तर आली म्हणेन, नाही आली तर नाही म्हणेन."

"खोटं नाही?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तेजश्रीनं डोळे मिटले. सायकलची खडखड, कुणाचं रडणं, घंटेवर आपटलेली गोटी. मग ह्या सगळ्याच्या आतून, वाटाण्याची शेंग फुटावी तेवढा आवाज आला.

"आली?" ताटलीनं विचारलं.

"टाळी नाही आली," तेजश्री म्हणाली. "तू टाळी वाजवलीच नाहीस. चुटकी वाजवलीस."

पलीकडे श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. ताटलीत श्वास सुद्धा ऐकू येतो.

"म्हणजे आईला आली असेल," मानसी म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"आली असेल."



"ती दीदी विचारत होती तेव्हा..." ताटली म्हणाली.

"तू काही चूक नाही बोललीस. मी तुझी मम्मी नाहीच. आजींनी सांगितलं तरी आई म्हणायलाच हवं असं नाही. ज्याला त्याला जे येईल ते."

"पण मग काय म्हणू?" आता शब्द भरभर आले, बरेच दिवस रांगेत उभे असल्यासारखे. "काकू खालच्या मजल्यावरच्या आहेत. मावशी परभणीला आहे, ती आईची सख्खी बहीण. आंटी तर रिक्षावाले पण म्हणतात."

"तेजश्री म्हण."

"मोठ्यांचं नाव घेत नाहीत," ताटली दटावणीच्या सुरात म्हणाली. अगदी इंदुताईच.

तेजश्रीला हसू आलं. "तुला एक सांगू? मी आले ना, तेव्हा मलाही तुझ्या आजीला आई म्हणता येईना. माझी आई पुण्याला आहे, तिचं काय, असं वाटायचं. मग मी ओट्याशी बोलायचे. 'चहा झालाय,' 'कुकर लावलाय' असं."

"माहीत आहे," मानसी म्हणाली. "मी बघितलं होतं."

म्हणजे हे शिक्षण पोरीनं इथून घेतलं होतं तर! तेजश्री कड्यात तोंड असतानाच हसली आणि ते हसू तसंच्या तसं पल्याड गेलं असणार, कारण तिकडूनही फुर्रकन काहीतरी आलं, दाबलेलं.

"थांब जरा," मानसी म्हणाली. "जाऊ नको हं."

तेजश्री थांबली. पाठ अवघडली, तरी थांबली. तिला दिसत नव्हतं, पण दिसल्यासारखं कळत होतं. डोळे बारीक झाले असतील, बोटांवर काहीतरी मोजलं जात असेल. जे नाव नुसतं घेता येत नाही ते कुठल्या वाटेनं घ्यायचं, हे त्या घरातल्या मुलीला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या आजीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना तीच वाट बांधून दिली होती.

कड्यात आधी घसा खाकरल्याचं आलं. मग दोन ओळी आल्या, एका सुरात, मान वेळावून म्हणतात तशा,

"हळूच सांगते ताटलीला, ऐकू जातं पल्याड,
गौरीची लेक नाव घेते तेजश्रीचं, पुरे झाले लाड!"

दालनात इतकी पोरं ओरडत होती, तरी त्यातलं एक अक्षर हललं नाही. तेजश्रीनं कडं घट्ट धरलं. लोखंड गार होतं आणि तिचे डोळे गरम झाले होते.

"ऐकू आलं?" ताटलीनं काळजीनं विचारलं. "सगळं आलं?"

"पल्याड आलं," तेजश्री म्हणाली. "लाड आलं. मधलं तर आलंच आलं."

"मग चांदण्या नक्को. सफरचंद सरळ काप. शाळेत हसतात."

"कबूल."

"चिक्की चालेल पण."

मग दोघी वळल्या. मधल्या गर्दीतून मानसी आली, तेजश्रीकडे न बघता तिनं पर्सची चेन उघडली, चिक्की काढली, अर्धी मोडून ओंकारसाठी ठेवली. आणि म्हणाली, "ती कमान राहिली."

ह्या खेपेला फळी सुटली नाही. दोघींनी उभी केली, हळूच मागे घेतली, आणि कमान राहिली. नुसती एकमेकांवर रेलून. ओंकार तिच्याखालून रांगत गेला आणि पलीकडून ओरडला, "गोवळकोंडा!"

निळ्या टी-शर्टातल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. "वा! तो अब बता दो, कौन हैं ये?"

"तेजश्री," मानसी म्हणाली.

"बस? तेजश्री?"

"हौ. बस."

*

घरी पोचले तेव्हा इंदुताई ताटात सीताफळाचा गर काढत बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघून काही कळतंय का पाहिलं. तेजश्री पाणी प्यायला आत गेली. ओंकारनं सायकल सांगितली, गोट्या सांगितल्या, साबण सांगितला. रितेश नुकताच आला होता. एक बूट पायात, एक हातात.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, मोकळ्या गळ्यानं, "तेजश्री! माझा कंगवा कुठंय?"

रितेशच्या हातातला बूट तसाच राहिला. इंदुताईंचा चमचा ताटात थांबला.

"अगं!" इंदुताई म्हणाल्या. "काय बोलायलीस? मोठ्यांचं नाव घेतेस सरळ?"

"असू द्या, आई," तेजश्री स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आधी उखाण्यात घेऊन झालंय."

"उखाण्यात? कुणी बांधला?"

"तिनंच."

"इकडं ये," इंदुताईंनी नातीला बोलावलं. आवाज आजीचा नव्हता, कारागिराचा होता. "म्हण बघू."

मानसी केस मोकळे सोडून आली. ओढणी नव्हती, म्हणून दाराचा पडदा डोक्यावर घेतला, आणि म्हणाली. गौरीचं नाव आलं तसा इंदुताईंनी खाली ताटात बघितलं. सीताफळाची एक काळी बी त्यांनी निपटून काढली, मग आणखी एक. भिंतीवर गौरी होती तशीच हसत होती.

"पल्याडला लाड," इंदुताई म्हणाल्या. "बरं जुळवलंस. पण दुसरी ओळ जराशी लांब झाली की गं."

"होऊ दे लांब," मानसी म्हणाली. "वाकडी वाट लांब असली तरी गोटी आधी पोचते. आम्ही बघून आलो."

"खरंच, आजी!" ओंकारनं साक्ष दिली.

इंदुताईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी नातीच्या हातावर सीताफळाचा गर ठेवला. रितेशनं राहिलेला बूट काढला, आणि मग तो नेमका कुठं ठेवायचा ते विसरून इकडंतिकडं बघत राहिला.

कंगवा उशीखाली सापडला. मानसी तो घेऊन आली आणि रोजच्यासारखी तेजश्रीच्या पुढ्यात पाठमोरी बसली.

"तेजश्री," ती म्हणाली, "घट्ट नक्को."